तिताच्या मापाची बंदूक

आमच्या गार्दोने गावात तिता ग्नालीशी हात मिळवायला कुणी सहसा तयार नसायचं. माणूस वाईट नव्हता, हात वाईट होते. त्रेबेस्कींच्या बंदुकांच्या कारखान्यात तो दस्त्यांना तेल पाजायचा. अक्रोडाच्या लाकडावर जवसाचं तेल उघड्या तळहाताने चोळायचं, लाकडाला हाताची ऊब लागेपर्यंत चोळायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा चोळायचं. उभा जन्म हेच केलं की माणसाचे तळवेच अक्रोडाचे होतात. तपकिरी, तुकतुकीत, आणि जरा चिकट. मेल्ला नदीच्या दोन्ही काठांवर असा ठेवणीतला कोट सापडणार नाही ज्याच्या खांद्यावर तिताच्या आपुलकीचा डाग नाही. लग्नाच्या दिवशी मेंगाने त्याला पांढरे हातमोजे घालायला लावले होते. फोटोत तो नवरदेव कमी आणि चौकातला पोलीस जास्त दिसतो. पाहुणे आले की मेंगा तो फोटो अजून काढून दाखवते आणि म्हणते, याने शिट्टी मारली आणि मी थांबले.

आमच्या दरीत बंदूक बनवणाऱ्याला शिकार आलीच पाहिजे असा काही कायदा नाही. पण न येणं हे जरा चारचौघांत न सांगण्यासारखं. तिताला येत नव्हती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. हंगाम उघडला की दर रविवारी तो टोपी घालून डोंगर चढायचा आणि दुपारी पिशवी भरून उतरायचा. पिशवीत अळंबी असायची. कधी चेस्टनट. एकदा कुणाची तरी विसरलेली छत्री. पक्षी त्याला ओळखत असावेत. काही तर म्हणे त्याला पाहून जवळच्या फांदीवर उतरायचे, आज दिवसभर इथेच सुरक्षित म्हणून.

त्याचं याला एक कायमचं उत्तर होतं. त्याच्याकडे होती ती बंदूक सासऱ्याची. सासरा ताडमाड, उजव्या हाताचा, मान अशी नाहीच. तिता डावरा, हात आखूड, मान मात्र बगळ्याची. आता बंदुकीचा दस्ता काय, शिंप्याने कोट बेतावा तसा अंगावर बेतायचा असतो. दुसऱ्याचा वापरला तर बार निघताच तो गालावर अशी सणसणीत ठेवून देतो की हंगामभर गाल उतरत नाही. पानगळीत तिताचा एक गाल कायम लालबुंद आणि टम्म असायचा. गाव तर त्यावरून महिना ओळखायचं. "माझ्या मापाची बंदूक असती ना," तो बारमध्ये पेला ठेवत म्हणायचा, आणि पुढचं वाक्य पूर्ण करायची कुणी त्याला गरजच पडू द्यायचं नाही. सगळे एका सुरात पूर्ण करायचे.

कुत्रा होता तो आणखी एक प्रकार. नाव फुल्मिने, म्हणजे वीज. नाव ठेवलं तेव्हा कुत्रा लहान होता आणि सगळ्यांच्याच आशा मोठ्या होत्या. एक कान उभा, एक पडलेला, खालचा एक दात ओठाबाहेर, आणि दोन डोळे दोन वेगळ्या गोष्टी बघणारे. बंदुकीचा त्याला मनापासून तिटकारा. पहिला बार झाला की तो जो सुटायचा तो उभा डोंगर उतरून, चर्चच्या पायऱ्यांवरून, बारच्या दारासमोरून थेट घरी. बारमधले म्हणायचे, तिताने बार काढला. मेंगा कुत्रा दारात दिसला की तांब्याच्या पातेल्यात पोलेंतासाठी पाणी चढवायची. मक्याचं पीठ घोटून घोटून तयार व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच तिताला उतरायला लागायचा. आमच्या गल्लीत एवढा वक्तशीर संसार दुसरा नव्हता.

या सगळ्यात तिताला हवं होतं ते एकच, आणि ते त्याला मिळणारही होतं. त्रेबेस्कींच्या कारखान्याची एक जुनी रीत होती. कारागीर निवृत्त झाला की बाकीचे मिळून त्याची बंदूक बनवायचे. त्याच्या मापाची. नळ्यावाला नळ्या द्यायचा, चापवाला चाप, आणि कोरक्या एका बाजूला त्याचा कुत्रा कोरायचा, दुसरी बाजू ज्याच्या त्याच्या मर्जीची. बहुतेक जण कवडा नाहीतर तितर सांगायचे. एकाने सासू कोरून घेतली होती. ती बंदूक नंतर कधी चुकली नाही म्हणतात. लाकूड ज्याचं त्याने आणायचं. तिताने त्याचं तरुणपणीच आणलं होतं, पाद्रीबुवांच्या अंगणातला वठलेला अक्रोड पाडला तेव्हाचं. वादळी आकाशासारखी नक्षी होती त्या फळीत. ती फळी पलंगाखाली वाळत होती, आणि घर झाडताना मेंगाची नडगी इतक्यांदा तिच्यावर आपटली होती की तिला ती सवतच वाटायची.

तर तिता निवृत्तीला टेकला आणि नेमका तेव्हाच कारखाना विकला गेला.

त्रेबेस्कींची शेवटची वारस सिन्योरा एर्सिलिया. मूल नाही, एक मांजर. मांजराला धंद्यात रस नव्हता. तिने कारखाना मिलानच्या एका कंपनीला दिला, जी आजवर बॅगा आणि छत्र्या बनवत होती, आणि स्वतः मांजर घेऊन गार्दा सरोवराकाठी राहायला गेली. कंपनीने पाठवले दोत्तोर आयरोल्दी; दोत्तोर म्हणजे वैद्य नव्हे, शिकलेले साहेब. उंच, सुगंधी, चांगल्या स्वभावाचे. पण ऐन जानेवारीत बुटात मोजे नाहीत. दरीत बर्फ पडलेलं आणि साहेबांचे घोटे उघडे. बायकांचा जीव कळवळला. मिलानमध्ये मोजे महाग झाले असतील, असं ठरवून मेंगाने लोकरीचा एक जोड विणायलाही घेतला.

आयरोल्दींनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की तुम्ही बंदुका बनवत नाही, तुम्ही वारसा बनवता. मागून नळ्यांचा इजिदियो म्हणाला की मग तो वारसा तपासणी केंद्रावर नेऊन बार काढून बघायचा की नाही. कुणी हसलं नाही, कारण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मग बदल सुरू झाले. फाटकावर आजवर नुसतं त्रेबेस्की असं नाव आणि एक घंटा होती. तिथे पाटी आली, १७८० पासून. पुढे कळलं की कुणाच्या तरी पाटीवर याहून जुनं साल आहे, तेव्हा आपली पाटी उतरली आणि दुसरी चढली, १७४२ पासून. कोरक्या फेर्मो म्हणाला, हा माणूस असाच मागे मागे जात राहिला तर नाताळपर्यंत आपण रोमन सैन्याला बंदुका पुरवू. कामगारांना चामड्याचे एप्रन मिळाले. ते फार नवे दिसतात म्हणून गाडीमागे बांधून खडीवरून ओढून आणले. बघायला पाहुणे येऊ लागले. ते आले की तिताने खिडकीशी बसून एकाच दस्त्याला तेल चोळत राहायचं, आणि हात धुवायचे नाहीत. बंदुकांइतक्याच मनोभावे आता छत्र्या, कुत्र्यांचे कोट आणि अत्तर निघू लागलं. अत्तरात म्हणे बारूद, अक्रोड आणि जवसाचं तेल यांचा मिलाफ. तिताने नमुन्याची बाटली घरी नेली. मेंगाने हुंगून बघितलं आणि म्हणाली, "हा तर तुझ्या बनियनचा वास. चाळीस वर्षं मी हा धुऊन घालवतेय."

सगळ्यात मोठं काम होतं नव्याचं जुनं करायचं. संग्रहालयात मांडायला जुन्या वस्तू कमी पडत होत्या, तेव्हा नव्या करून जुन्या करायच्या. त्यात तिताचा हात धरणारा कुणी नव्हता. तेलात काजळी, थोडा कॉफीचा गाळ, आणि त्याचा तो तळहात. दुपारी दिलेली पेटी संध्याकाळी कुणाच्या पणजोबांची वाटायची. त्याला या कामाची अशी चटक लागली की घरी त्याने मेंगाच्या नव्या खुर्चीचीही पणजी करून टाकली, आणि मग एक आठवडा त्याच खुर्चीत झोपला.

इथवर सगळं मजेतच चाललं होतं. पण मग एक दिवस ऑफिसातून निरोप आला की निवृत्त होणाऱ्यांना यापुढे बंदूक नाही. ब्रँडशी ते जुळत नाही. त्याऐवजी रेशमी स्कार्फ आणि अत्तराची बाटली.

तिता दस्ता हातात घेऊन बसून राहिला. त्याने दिवसभर त्याच एका जागी तेल चोळलं. तिथे लाकडाला खळगा पडायचा तेवढा राहिला होता. संध्याकाळी फेर्मो आणि इजिदियो त्याला दोन्ही बाजूंनी धरून बारमध्ये घेऊन गेले आणि ठरलं की बंदूक होणार. जेवणाच्या सुटीत, दार लावून, कुणाला न सांगता. कुणाला न सांगता म्हणजे आमच्या दरीत जसं असतं तसं. ऑफिस सोडून सगळ्यांना माहीत होतं.

नळ्या इजिदियोने कोठारातल्या जुन्या उचलल्या, शिक्के झिजून गेलेल्या, पण पोलाद असं की घंटेसारखं वाजावं. फळी पलंगाखालून निघाली. मेंगाने तिला दारापर्यंत पोचवलं. माप घेताना तिताने पोट असं आत ओढलं की पट्टा सुटून खाली आला. छाती पुढे, मान वर, दोन्ही गाल लाल. फेर्मोने विचारलं, "असाच असतोस का रे तू?" तिता श्वास न सोडता म्हणाला, असाच. मग त्यांनीही त्याच मापाने दस्ता बेतला. मित्राला खोटं ठरवून मिळणार काय होतं.

राहिलं कोरीवकाम. फेर्मोचा एक दोष होता. त्याला जे दिसायचं तेच कोरता यायचं. सुंदर करून दे म्हटलं की त्याचा हात अडायचा. कुत्र्याचं चित्र काढायला तो तिताच्या घरी गेला, तर कुत्रा मेंगाच्या पायाशी, पातेल्यातून काय सांडतंय याची वाट बघत. तिथून हलेना. आणि पोलेंता चुलीवर असताना मेंगाही हलेना, कारण घोटणं थांबलं की तळाशी लागतो. म्हणून फेर्मोने दोघांना एकत्रच घेतलं. मेंगा, वाफेने केस चहूकडे उडालेले, कमरेला चादर गुंडाळलेली, उजव्या हातात पोलेंता घोटायचा लांब लाकडी दांडा, उगारलेला, कारण शेजाऱ्यांचं मांजर खिडकीत आलं होतं. पायाशी फुल्मिने. एक कान उभा, एक पडलेला, आणि दात. फेर्मोने दातही सोडला नाही.

बंदूक तयार झाली आणि शेवटचा तेलाचा हात तिताने स्वतः दिला. तो कसला थांबतोय. सवयीने तेलात काजळी पडली, कॉफीचा गाळ पडला. बघता बघता त्याच्या म्हातारपणाची बंदूक त्याच्या खापरपणजोबांची दिसायला लागली.

ती टेबलावर ठेवून सगळे तिच्याभोवती पाव चावत उभे असताना दार उघडलं आणि आयरोल्दी आत आले. मिलानचे लोक उशिरा जेवतात हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी बंदूक पाहिली आणि त्यांचा आवाज खाली गेला.

"हे काय आहे?"

सगळ्यांनी तिताकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर पोलाद कंपनीचं, चाप कंपनीचा, म्हणजे फेर्मो आणि इजिदियो दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तिताच्या घशात पाव अडकला होता. तो गिळून तो म्हणाला, "जुनी आहे, दोत्तोर. तळघरात सापडली."

"किती जुनी?"

तिता मुळात उदार माणूस. "पाटीवर जे साल आहे ना," तो म्हणाला, "साधारण त्याच सुमाराची."

आयरोल्दींनी ती उचलून उजेडात धरली. मग त्यांनी हळूच विचारलं की ही स्त्री कोण. फेर्मो छताकडे बघत होता. इजिदियो म्हणाला, असेल कुणी देवी.

"दियाना," आयरोल्दी म्हणाले. "शिकारीची देवी. आणि हा तिचा भाला."

पोलेंताचं नाव कुणी काढलं नाही. आयरोल्दी बंदूक तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून घेऊन गेले, आणि तिता दारातून बघत राहिला. स्वतःच्याच तोंडाने त्याने स्वतःची बंदूक अडीचशे वर्षं मागे पाठवून दिली होती. आता ती परत आणायची कशी?

आयरोल्दी कसून काम करणारे. खात्री करायला ते बंदुकीचे फोटो घेऊन सिन्योरा एर्सिलियाकडे सरोवराकाठी गेले. सिन्योराने चष्मा लावून मेंगाचं चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, चेहरा ओळखीचा वाटतो. आयरोल्दींना तेवढं पुरलं.

आणि मग मेंगा सगळीकडे झाली. छत्रीवर मेंगा, बॅगेवर मेंगा, अत्तराच्या बाटलीवर सोनेरी मेंगा, कुत्र्यांच्या कोटाच्या पाठीवर मेंगा आणि फुल्मिने. ब्रेशियातल्या एका दुकानाच्या काचेत ती पुरुषभर उंच टांगली होती. ती बस पकडून स्वतःला बघून आली. आत जाऊन तिने विक्रेत्या पोरीला विचारलं की ही बाई कोण. पोरगी म्हणाली, देवी. मेंगा म्हणाली, देवीची कंबर जरा रुंद नाही का. पोरगी म्हणाली, त्या काळात कंबर अशीच असायची, आताच सगळं बिघडलंय. मेंगाला पोरगी फार आवडली. मेंगाची तक्रार फक्त नाकाबद्दल होती, आणि त्यावरून ती फेर्मोशी जी बोलेनाशी झाली ती पार उन्हाळ्यापर्यंत.

तिताचा निवृत्तीचा दिवस आला. भाषण झालं, बाटली मिळाली, आणि आयरोल्दींनी स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात स्कार्फ बांधला. स्कार्फवर मेंगा. तो तसाच बारमध्ये गेला, कारण काढायचा कसा हे त्याला कळेना. "तिता," आतून कुणीतरी म्हणालं, "मानेवर बसलीच का शेवटी?" तिता न पिताच घरी आला.

तो उन्हाळा त्याला वाईट गेला. आयुष्यभर तो सांगत आला होता की माझ्या मापाची बंदूक असती तर. आता ती होती. मिलानमध्ये, काचेच्या पेटीत, मखमलीवर. आणि हंगाम उघडायला आला होता. रोज संध्याकाळी तो अंगणात पोट आत ओढून, डावा खांदा पुढे करून, हातात काही नसताना उभा राहायचा. शेजाऱ्यांना दिसायचं सगळं. मेंगा खिडकीतून म्हणायची, श्वास घे रे, जांभळा पडशील. नंतर नंतर तिने चिडवणंही सोडलं, तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "मी देवी झाले आणि तू उपाशी राहिलास. हा कसला व्यवहार?"

हंगाम उघडायच्या आधीच्या रविवारी कंपनीने गावावरच्या कुरणात मोठा समारंभ ठेवला. मिलानहून गाड्या भरून पाहुणे, फोटोवाले, प्रत्येकाच्या हातात उन्हासाठी मेंगाची छत्री. गावाकडून जेवण मागवलं होतं. सळईवर मांस फिरत होतं आणि तंबूमागे पोलेंताचं सगळ्यात मोठं पातेलं मेंगाकडे होतं. तितालाही बोलावलं होतं, कुत्रा घेऊन. आयरोल्दींना फुल्मिनेत देवीच्या कुत्र्याची वंशावळ दिसली होती. तोच दात, ते सगळ्यांना सांगत होते, अडीचशे वर्षं टिकलाय. कुत्र्याला कंपनीचा कोट घातला होता. तो स्वतःच्याच चित्राचा वास घेत बसला होता.

पेटी उघडली. मखमलीवरून आयरोल्दींनी बंदूक उचलली. आज पहिला बार तेच काढणार होते, हवेत उडवलेल्या मातीच्या तबकडीवर. तिता दोन पावलं पुढे झाला. त्याला बंदूक हवी होती, माणसाचा गाल नको होता. "दोत्तोर, जरा सांभाळून," तो म्हणाला. "तिचा स्वभाव आहे एक." आयरोल्दी हसले. असं बोलणारी माणसं होती म्हणून तर कंपनीने कारखाना घेतला होता.

उंच माणूस, उजवा हात, मान बेताची. त्यांनी दस्ता खांद्याला लावला आणि तबकडी उडाली.

बार झाला. तबकडी पुढे गेली आणि आयरोल्दींचं डोकं मागे. दस्त्याने त्यांच्या गालावर अशी ठेवून दिली होती की टोपी तबकडीपेक्षा लांब पडली. ते सावरले, म्हणाले की उन्हाने झालं, आणि दुसरा बार काढला. या खेपेला जबड्यावर. पाहुण्यांना वाटलं हीच गंमत आहे. मिलानच्या एका बँकवाल्याने बंदूक मागितली, त्याचा दात हलला. जीनिव्हाच्या एका बाईंनी हट्ट धरला, त्यांच्या टोपीचं पीस खाली आलं आणि भुवई वर गेली. बघता बघता अर्धं कुरण एका गालाने सुजलेलं. तिताच्या गावाला तो गाल पाहून उगाच ऑक्टोबर आल्यासारखं वाटलं.

आणि फुल्मिने? पहिल्या बाराला तो दोरी तोडून सुटला होता. पण घर खाली होतं आणि मेंगाचा वास इथेच, तंबूमागून येत होता. एवढी सोपी शिकार त्याच्या आयुष्यात पहिलीच. तो थेट पातेल्याखाली शिरला आणि पातेलं डगमगलं.

मेंगा बाहेर आली. वाफेने केस चहूकडे उडालेले. कमरेला चादर. उजव्या हातात दांडा, उगारलेला, टोकावरून पोलेंता गळतोय. पायाशी कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला, आणि दात.

"माझ्या कुत्र्याला भीती कोण घालतंय?" ती म्हणाली.

एका पाहुण्याने मान वर करून आपल्या छत्रीकडे पाहिलं, मग मेंगाकडे, मग पुन्हा छत्रीकडे. बाकीच्यांनीही तसंच केलं. सगळ्या छत्र्या एकदम डोलल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच. फोटोवाले गुडघ्यांवर बसले. मेंगा कुणाला मारावं हे न कळून तशीच उभी राहिली, आणि त्यामुळे फोटो फारच छान आले.

फक्त आयरोल्दी टाळ्या वाजवत नव्हते. एक हात गालावर धरून ते तितापाशी आले.

"ही तुमची बायको आहे."

"हो, दोत्तोर."

"आणि कुत्रा?"

"तोही घरचाच."

"भाला?"

"पोलेंताचा दांडा आहे, दोत्तोर. धुऊन घेतलाय."

मग तिताने सगळं सांगितलं. रीत, फळी, तळघर, सगळं. नोकरी घ्यायची तर माझी घ्या, म्हणाला, आणि मग आठवलं की ती आता नाहीच. आयरोल्दींचा विश्वास बसेना. अशी बंदूक कुणा माणसाच्या मापाची असूच शकत नाही, ते गाल धरून म्हणाले. त्यांनी ती तिताच्या हातात दिली. दाखवा.

तिताने पोट आत ओढलं. छाती पुढे, मान वर. डाव्या खांद्याला दस्ता असा जाऊन बसला जसा मांजर आपल्या जागेवर बसतं. तबकडी उडाली. बार झाला. बंदूक जागची हलली नाही, गालाला स्पर्शही नाही. तिताने डोळे मिटून घेतले, इतकं त्याला बरं वाटलं.

तबकडीलाही काही झालं नाही. ती सावकाश उडत जाऊन गवतात उतरली. गावच्या लोकांनी खाली पाहिलं. चाळीस हंगाम ज्या वाक्याची सगळ्यांनी री ओढली होती, ते वाक्य आज संपलं होतं. पण तिताने श्वास सोडला, पोट पूर्ववत झालं, आणि तो विचारपूर्वक म्हणाला, "पोट धरून नेम धरायचा म्हणजे अवघड असतं." फेर्मोने इजिदियोकडे पाहिलं. पुढच्या चाळीस हंगामांची सोय झाली होती.

आयरोल्दी बंदुकीकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मागे छत्र्या विकल्या जात होत्या. शेवटी म्हणाले की बंदूक घेऊन जा, माझ्यासमोर पुन्हा आणू नका. पण सिन्योरा मेंगा देवीच राहतील. तेवढं तुम्ही गावाने माझ्यासाठी करायचं. मेंगाला विचारलं. ती म्हणाली, राहीन, पण नाक लहान करून घ्या, आणि तुम्ही मोजे घाला. जोड तयारच होता, तिने चादरीच्या घडीतून काढला. आयरोल्दींनी तिथेच, गवतात बसून, पाहुण्यांसमोर मोजे घातले. पाहुण्यांना चावताच येत नव्हतं, तेव्हा त्या दिवशी मांस गावानेच संपवलं. पाहुण्यांनी पोलेंता खाल्ला, गिळायला सोपा म्हणून, आणि देवीच्या हातचा म्हणून दुसऱ्यांदाही वाढून घेतला.

त्या समारंभानंतर कंपनीने बंदुकांची नवी जाहिरात काढली, आपला माणूस स्वतः निवडणारी बंदूक. माप घेतल्याशिवाय त्रेबेस्की आता विकत नाहीत. निवृत्तीची बंदूकही परत आली, ब्रँडशी जुळते म्हणून. पाटीवर ती रीत १७४२ पासूनची आहे असं लिहिलंय.

पुढच्या रविवारी हंगाम उघडला. डोंगरातून एक बार ऐकू आला, आणि थोड्याच वेळात फुल्मिने चर्चच्या पायऱ्यांवरून, बारच्या दारासमोरून घराकडे गेला. मेंगाने पातेल्यात पाणी चढवलं. पोलेंता घोटून होतोय तोच तिता दारात आला. खांद्यावर बंदूक, पिशवीत अळंबी, आणि दोन्ही गाल सारखेच.